व्हिनेगरने कडप्प्याचा ओटा पांढरा पडला. घरातील रसायने कमी करायची तर सुरुवात कोठून करावी?

अंगणवेल:

नमस्कार. आम्ही नाशिकमध्ये राहतो. माझ्या ५ वर्षांच्या मुलाला दमा आहे. गेल्या महिन्यात मी न्हाणीघर धूत असताना त्या उग्र वासाने त्याला खोकल्याची अशी उबळ आली, की त्याच दिवशी घरातील रसायने कमी करण्याचे मनावर घेतले. सिंकखालचे कपाट रिकामे केले, तेव्हा त्यातून १४ बाटल्या निघाल्या. फरशीसाठी दोन प्रकारची द्रावणे, काळे फिनेल, ब्लीच, संडासाचे अ‍ॅसिड, काचेसाठी वेगळे, ओट्यासाठी वेगळे, शिवाय सुगंधी फवारे. यांतील निम्म्या बाटल्या एकच काम करतात, हे लेबले वाचताना लक्षात आले.

उत्साहाच्या भरात एका चित्रफितीत दाखवल्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या ओट्यावर व्हिनेगर शिंपडले, दहा मिनिटे तसेच राहू दिले आणि मग त्यावर खाण्याचा सोडा टाकून घासले. फेस छान आला, पण ओटा सुकल्यावर त्यावर पांढरट डाग उमटले आणि ते अजून गेलेले नाहीत. ओटा कडप्प्याचा आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त एकदा ओट्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे, त्यामुळे नळांवर आणि बादल्यांवर क्षार साचतात. अशा घरात भांडी, कपडे आणि फरशी यांच्यासाठी खरोखर चालणारे पर्याय कोणते? ट्रंकेतील डांबरगोळ्यांऐवजी काय ठेवावे, हेही कळले तर बरे होईल.

प्रयोगवही:

मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे, म्हणून आधी ओट्याविषयी लिहितो. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे सगळे त्याच कुळातले, म्हणजे प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट असलेले. नळावर साचणारा पांढरा क्षारही बहुतांशी तोच पदार्थ आहे. व्हिनेगर किंवा लिंबू तो क्षार विरघळवते म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो, पण नळावरचा क्षार कोणता आणि ओट्याचा दगड कोणता, हे आम्लाला कळत नाही. आपल्या ओट्यावर डाग बसलेले नसून दगडाचा वरचा गुळगुळीत थरच खाल्ला गेला आहे, त्यामुळे कितीही पुसले तरी ते डाग निघणार नाहीत. ग्रॅनाइटचा ओटा असता तर एवढे झाले नसते.

दुसरी गोष्ट त्या फेसाची. व्हिनेगर आम्ल आहे, सोडा अल्क आहे. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि मागे सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी उरते. फेस म्हणजे केवळ बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. तो पाहून काहीतरी जोरदार घडत आहे असे वाटते, प्रत्यक्षात मात्र दोन कामाच्या वस्तू एकाच वेळी वाया गेलेल्या असतात. ही जोडी इतकी लोकप्रिय कशी झाली, याचे मला नेहमी नवल वाटते. सोडा स्वतंत्रपणे घासण्यासाठी वापरावा आणि आम्ल स्वतंत्रपणे क्षार काढण्यासाठी.

क्षारांसाठी किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, व्हिनेगरपेक्षा बरे पडते, कारण त्याला वास नसतो आणि दम्याच्या मुलाच्या घरात ही गोष्ट लहान नाही. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून कापड भिजवावे, नळाभोवती पंधरा मिनिटे गुंडाळून ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. खाली शहाबादी असेल तर थेंब गळणार नाहीत असे पाहावे.

कपड्यांच्या बाबतीत बोअरच्या पाण्याची अडचण खरी आहे. साध्या साबणाची जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गाठ पडली की न विरघळणारी साय तयार होते, तीच कपड्यांवर बसून ते कडक आणि करडे दिसू लागतात. म्हणून ‘डिटर्जंट सोडा आणि साबणाकडे परत या’ हा सल्ला सरसकट देता येत नाही. धुण्याचा सोडा बादलीभर पाण्यात एक-दोन चमचे टाकला तर पाणी मऊ होते आणि पावडर निम्म्याने कमी लागते. मात्र तो रेशमाला, लोकरीला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना लावू नये, आणि हातांनाही तो झोंबतो.

शेवटी एक सूचना, जी खरे तर आधीच लिहायला हवी होती. आपल्या कपाटात ब्लीच आणि संडासाचे अ‍ॅसिड शेजारी शेजारी आहेत. ही दोन्ही चुकूनही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो निरोगी माणसालाही गंभीर इजा करू शकतो. मुलाला उबळ आली त्या दिवशी एकापाठोपाठ एक असे दोन्ही ओतले होते का, हे एकदा आठवून पाहावे. ‘नैसर्गिक’ म्हणून ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळले तरी परिणाम तोच होतो.

आमसूल:

मी मूळची सावंतवाडीकडची, त्यामुळे माझे नाव वाचून मी काय सांगणार हे आपल्याला कळलेच असेल. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी बाजारातील पावडर आमच्या घरी कधीही आणली नाही. सरबताला वापरून उरलेली किंवा जुनी झालेली आमसुले थोड्या मिठाबरोबर चोळली, की काळवंडलेला तांब्या पाहता पाहता उजळतो. देशावर हेच काम चिंच करते. लगेच धुऊन कोरडे पुसले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काळे डाग दिसतात, आणि त्याचा दोष बिचाऱ्या आमसुलाला मिळतो. कल्हई केलेली भांडी मात्र आतून राखेने किंवा मिठाने रगडू नयेत, कल्हई झिजते.

रोजच्या भांड्यांसाठी आणि नाजूक कपड्यांसाठी रिठा वापरून पाहावा. बिया काढलेली दहा-बारा टरफले रात्री एक लिटर पाण्यात भिजत घालावीत, सकाळी पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून गाळून घ्यावीत. हे पाणी तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करावे किंवा फ्रिजमध्ये ठेवावे, आणि बाटलीवर नाव लिहावे, कारण ते थेट चहाच्या पाण्यासारखे दिसते. आमच्याकडे एका पाहुण्यांनी ते गाळणीतून कपात ओतलेही होते. रिठ्याला मोठा फेस येत नाही. तेलकट कढई त्याने एका हातात निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती आधी बेसन किंवा राख लावून पुसून घ्यावी लागते. डोळ्यांत गेले तर फार चुरचुरते, हे मुलाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

निशिगंध:

मी परिचारिका आहे आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु डांबरगोळ्यांचा प्रश्न मागे राहिला म्हणून लिहिते. नॅफ्थॅलीनच्या गोळ्या घरातून सर्वांत आधी जाव्यात. ज्या बाळांना जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीनच्या संपर्काने फुटू शकतात आणि त्यातून तीव्र कावीळ होऊ शकते. आपल्याकडे बारशाला आजीच्या ट्रंकेतील दुपटी आणि गोधड्या काढण्याची पद्धत आहे. त्या गोळ्यांमध्ये ठेवलेल्या असतील तर बाळाच्या अंगाखाली घालण्यापूर्वी धुऊन, उन्हात नीट वारवून घ्याव्यात. ट्रंकेत कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला आणि वेखंडाच्या कांड्या पुरचुंडीत बांधून ठेवता येतात. पण कसर लागते ती मुख्यतः अंगावर घालून न धुता ठेवलेल्या लोकरी-रेशमी कपड्यांना. त्यामुळे धुऊन, वाळवून ठेवणे आणि दिवाळीआधी एकदा सगळे उन्हात पसरणे, हेच पाल्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

गोळ्यांच्या जागी अनेक जण कापूर ठेवतात. कापूर सुगंधी आहे, देवघरातला आहे, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, पण लहान मुलाने थोडासा गिळला तरी आकडी येऊ शकते. तो मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नये.

दम्याच्या मुलासाठी मी सर्वांत आधी सुगंधी फवारे आणि डासांची कॉइल बंद केली असती. त्याऐवजी धूप किंवा कडुनिंबाची धुरी करू नका, कारण फुप्फुसाला धुराचे गोत्र कळत नाही. मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी, एवढे पुरे. ब्लीचची एक बाटली मात्र घरात असू द्यावी. घरात जुलाब-उलट्यांची साथ आली, तर संडास निर्जंतुक करण्याचे काम रिठा किंवा व्हिनेगर भरवशाने करू शकत नाही. अशा वेळी मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवून, खिडकी उघडून, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून ब्लीच वापरावे.

अंगणवेल:

सर्वांचे मनापासून आभार. सर, आठवून पाहिले: आधी अ‍ॅसिड टाकले होते आणि पुरेसे न धुताच वर ब्लीच ओतले होते. लिहितानाही हात थरथरतो. अ‍ॅसिड आता घरात राहणार नाही. शेजारच्या काकूंनी संत्र्याच्या सालींचे बायोएन्झाइम फरशीसाठी दिले आहे, ते वापरू का? आणि ओट्याचे काही होऊ शकेल का?

प्रयोगवही:

एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून ते करतात. शेवटी जे तयार होते ते आम्लच असते, म्हणून सिरॅमिकच्या फरशीवर पातळ करून चालेल, शहाबादीवर आणि ओट्यावर नाही. त्याने जंतू मरतात असे मानू नये. घरी करणार असाल तर पहिला महिनाभर झाकण रोज सैल करून वायू जाऊ द्यावा आणि काचेची बाटली वापरू नये. शहाबादी पुसायला साधे पाणी आणि चमचाभर सौम्य साबण पुरतो. रोज जंतुनाशक लागत नाही.

ओट्यासाठी फरशी पॉलिश करणाऱ्या कारागिराला बोलवावे लागेल, तो घासून पुन्हा झिलई आणतो. तोपर्यंत कोरड्या फडक्यावर चार थेंब खोबरेल घेऊन ओटा पुसा. डाग जाणार नाहीत, पण दगड काळा दिसेल आणि सासूबाईंसमोर काही दिवस निभावेल.