मदत हवी आहे: ३८६ संगणकात अडकलेली दिवाळी अंकांची सूची (जीस्ट कार्ड, डीबेस, नेटवर्क कार्ड)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात एक ३८६ संगणक आहे. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या ग्रंथपाल सरांनी त्यावर जुन्या दिवाळी अंकांची लेखवार सूची केली. अंकाचं नाव, वर्ष, लेखाचं शीर्षक, लेखक, विषय असं सगळं मराठीत, डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवायच्या जुन्या डॉस प्रोग्रॅममध्ये. संगणकात जीस्ट कार्ड आहे, त्यामुळे डॉसमध्येही पडद्यावर देवनागरी उमटते. त्यातले बरेच अंक नंतर कसर लागून गेले. छापील प्रत एकच आहे, डॉट मॅट्रिक्सवरची, तीही पुसट होत चालली आहे. सर आता वयोमानाने वाचनालयात येऊ शकत नाहीत. ही सूची त्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्यांना शोधता यावी अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून हा धागा.

संगणक बरीच वर्षं बंद होता. उघडल्यावर मदरबोर्डवरची निळी निकेल-कॅडमियम बॅटरी फुटलेली दिसली आणि भोवती हिरवट थर. बॅटरी कापून काढली, थर व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला. कीबोर्डच्या सॉकेटकडे जाणारा एक ट्रॅक खाल्ला गेला होता, तिथे बारीक तार सोल्डर करून घेतली. बायोसमध्ये डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर लेबलवरून वाचून भरले आणि डिस्क सुरू झाली! सूची जागेवर आहे.

अडलंय ते पुढे. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावली तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. फ्लॉपी ड्राइव्ह सव्वापाच इंची, ती वाचणारं दुसरं यंत्र आसपास कोणाकडे नाही. म्हणून रियलटेक ८०१९एएस चिपचं जुनं आयएसए (त्या काळच्या स्लॉटात बसणारं) नेटवर्क कार्ड मिळवलं. पत्ता ३०० (हेक्स), आयआरक्यू (म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची इंटरप्ट ओळ) १० असं सेट केलं. ३ घेतला नाही, कारण तो कॉम-२ कडे आहे. लांब स्लॉटांपैकी एक जीस्ट कार्डाला अगदी लागून आहे, तिथे दाटी नको म्हणून नेटवर्क कार्ड टोकाच्या आखूड स्लॉटमध्ये बसवलं. एनई२००० चा पॅकेट ड्रायव्हर चढतो, कार्डाचा मॅक पत्ताही बरोबर दाखवतो, राउटरवरचा दिवा लागतो. पण एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रॅमांमधला डीएचसीपी (राउटरकडून आयपी पत्ता मागणारा) चालवला की दर वेळी वेळ संपल्याचा संदेश येतो.

जीस्ट कार्डाशी काही टक्कर होत असेल का? आणि फाइल बाहेर आली तरी कार्डाशिवाय त्यातली मराठी वाचता येईल का?

– वाचनालय_कार्यवाह

सोल्डरगन:

ताई, बॅटरीचं काम छान झालंय. अनेक जण बॅटरी काढतात पण खालचे ट्रॅक तपासत नाहीत, आणि मग कीबोर्ड का चालत नाही ते कळत नाही.

तुमच्या वर्णनातच उत्तर आहे: आखूड स्लॉट. तो ८ बिटांचा. आयएसएमध्ये आयआरक्यू १०, ११, १२, १५ या ओळी फक्त लांब स्लॉटच्या पुढच्या तुकड्यात असतात, आखूड स्लॉटमध्ये त्या पोचतच नाहीत. मॅक पत्ता वाचायला इंटरप्ट लागत नाही, ड्रायव्हर तो थेट कार्डाच्या पत्त्यावरून वाचतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात पाकीट आलं की कार्ड आयआरक्यू १० वर हाक मारतं आणि ती हाक प्रोसेसरपर्यंत जात नाही.

कार्ड जीस्टच्या शेजारच्या लांब स्लॉटमध्ये लावा. जीस्टशी टक्कर आहे का, ही शंकाही त्याच वेळी मिटवा: फाइल काढताना जीस्ट कार्ड सरळ बाहेर ठेवा. त्याचं काम अक्षरं दाखवण्याचं आणि टंकण्याचं. फाइलमधले बाइट ते असो वा नसो, तेच राहतात. कार्ड काढण्याआधी त्याच्या जंपरांचे आणि जोडण्यांचे फोटो तेवढे घ्या.

एवढ्यानेही जमलं नाही तर कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅममध्ये माध्यम, म्हणजे कोणती केबल निवडली आहे, ते पाहा. कार्डावर गोल बीएनसी सॉकेटही असेल तर कधी कधी आधीच्या मालकाने ते कोॲक्स केबलवर कायम केलेलं असतं. राउटरचा पोर्टही १० एमबीपीएस चालवणारा हवा, नव्या अडीच गिगाबिटच्या पोर्टांपैकी बरेच चालवत नाहीत.

डिस्क यूएसबीवर न दिसण्याचं कारण बहुधा तिचं वय. एलबीए (सेक्टरांना सलग क्रमांक देऊन वाचायची पद्धत) न कळणाऱ्या डिस्क बहुतेक अडॅप्टरना ओळखता येत नाहीत. तिच्या मागे लागू नका. आणि कृपा करून त्या डिस्कवर काही लिहू नका: स्कॅनडिस्क नको, डीफ्रॅग नको. एमटीसीपी आणि ड्रायव्हर फ्लॉपीवरूनच चालवा.

निशिगंध:

नेटवर्क अगदीच अडलं तर सिरियल केबल आहेच. कॉम पोर्टला नल मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी), दोन्हीकडे कर्मिट हा फाइली पाठवायचा प्रोग्रॅम. ९६०० च्या वेगाने ४ एमबीच्या फाइलला साधारण सव्वा तास लागेल, पण जाईल.

आता मराठीबद्दल. मी त्या काळी जीस्टवर पगारपत्रकं केली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फाइल इस्की संकेतात असणार, म्हणजे १९९१ चं भारतीय मानक आयएस १३१९४. त्यात १२७ पर्यंत नेहमीचं इंग्रजी आणि १६१ ते २५० मध्ये भारतीय अक्षरं. क म्हणजे १७९, काना २१८, पाय मोडायची खूण २३२. युनिकोडच्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच आली आहे. वेलांटीसुद्धा दोन्हीकडे व्यंजनानंतरच साठवली जाते, त्यामुळे फाँटवाल्या जुन्या फाइलींसारखी उलथापालथ करावी लागत नाही. कार्डाची गरज नाही.

फक्त एक पाहून घ्या. पडद्यावरच्या चौकटी-रेघांच्या खुणा १७६ ते २२३ मध्ये असतात, त्या मोकळ्या ठेवणारी पीसी-इस्की अशीही एक मांडणी आहे. फाइल मिळाली की विषयाच्या रकान्यातले सुरुवातीचे बाइट इथे द्या, लगेच कळेल.

वाचनालय_कार्यवाह:

सोल्डरगन दादा, लांब स्लॉटमध्ये लावल्यावर लगेच आयपी पत्ता मिळाला! जीस्ट कार्ड काढून जपून ठेवलं आहे. एमटीसीपीचा एफटीपी सर्व्हर ३८६ वर सुरू केला, लॅपटॉपवरून बायनरी मोडमध्ये सगळी डिरेक्टरी घेतली आणि फाइलींचे आकार ताडून पाहिले, जुळतात. मनापासून आभार.

निशिगंध काका, विषयाच्या रकान्यात पहिल्या नोंदीत १७९ १९५ २१८ आणि पुढे ३२, ३२ असं आहे. पूर्ण फाइल एकदम युनिकोडमध्ये बदलून पाहिली तर काही शब्द दिसतात, पण रकाने एकमेकांत घुसतात. पायथॉन मला बऱ्यापैकी येतं.

निशिगंध:

१७९ १९५ २१८ म्हणजे "कथा". सरळ इस्की आहे, चिंता मिटली.

रकाने घुसतात कारण डीबीएफमध्ये, म्हणजे डीबेसच्या फाइलीत, प्रत्येक रकान्याची रुंदी बाइटांत ठरलेली असते. इस्कीत एका अक्षरखुणेला एक बाइट, यूटीएफ-८ मध्ये तीन. म्हणून आधी कापायचं, मग बदलायचं. फाइलच्या सुरुवातीला ३२ बाइटांचा मथळा, मग दर रकान्यासाठी ३२ बाइटांचं वर्णन, शेवटी १३ हा बाइट. मथळ्यात ८ व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) मथळ्याची लांबी आणि १० व्यापासून नोंदीची लांबी, दोन्ही दोन-दोन बाइटांत, लहान बाइट आधी. त्यानुसार नोंदी कापा, रकाने कापा आणि मग एकेक तुकडा बदला. पायथॉनमध्ये इस्की अंगभूत नाही. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या यूकॉन्व्ह प्रोग्रॅममध्ये आहे, देवनागरीसाठी त्याची आवृत्ती शून्य निवडा. स्वतःचा तक्ता लिहिलात तरी संध्याकाळभराचं काम. २३९ दिसला तर तो आणि त्याच्या पुढचा बाइट हे अक्षर नव्हे, ती लिपी किंवा ठळकपणा बदलण्याची खूण. २३९ नंतर ६६ म्हणजे "आता देवनागरी".

नोंदीचा पहिला बाइट ३२ असेल तर ती चालू नोंद, ४२ असेल तर सरांनी खोडलेली. खोडलेल्याही वेगळ्या काढून ठेवा. गहाळ झाल्यामुळे वगळलेल्या अंकांच्या नोंदी त्यांत असू शकतात, आणि तुम्हाला त्याच तर हव्या आहेत. म्हणूनच ३८६ वर डीबेस उघडलंत तर पॅक ही आज्ञा मुळीच देऊ नका, त्या कायमच्या जातील.

शेवटचं, शोधासाठी. "दऱ्या", "तऱ्हा" यांतला ऱ दोन प्रकारे टंकलेला सापडेल: २०८ २३२, किंवा २०७ २३२ २३३. रूपांतरानंतर दोन्ही सारखेच दिसतील, पण दुसऱ्यात र आणि हलन्तानंतर न दिसणारा जोडक येतो आणि शोध चुकतो. सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या. "साऱ्या" शोधून छापील प्रतीशी ताडून पाहा. मूळ डीबीएफ मात्र जशीच्या तशी, कसलाही बदल न करता, दोन-तीन ठिकाणी ठेवा.