‘घाबरणे’साठी इंग्रजीत नेमकं काय: अफ्रेड, स्केअर्ड की फ्राइटन्ड?

प्रश्न
शब्दकोशात अफ्रेड, स्केअर्ड, फ्राइटन्ड, टेरिफाइड या सगळ्यांपुढे ‘घाबरलेला’ एवढंच असतं. मग ‘अ फ्राइटन्ड चाइल्ड’ चालतं आणि ‘अन अफ्रेड चाइल्ड’ का चालत नाही? ऑफ, बाय, टू यांतलं काय कधी वापरायचं? ‘आय ॲम स्केअरिंग’ चूक आहे हे कळतं, पण कारण सांगता येत नाही. दहावीच्या मुलांना शिकवायचं आहे, त्यामुळे नियमामागचं कारणही हवं.

प्रतिसाद १
शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे. मराठीत ‘घाबरणे’ हे मूळ क्रियापद आणि ‘घाबरवणे’ हे त्याचं प्रयोजक रूप. इंग्रजीत याच्या उलट: स्केअर आणि फ्राइटन यांचा अर्थच ‘घाबरवणे’. म्हणून ‘ही फ्राइटन्ड’ एवढं लिहून थांबलं की वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कोणाला घाबरवलं? ‘तो घाबरला’साठी ‘ही वॉज फ्राइटन्ड’ किंवा ‘ही गॉट स्केअर्ड’ हवं. ‘आय ॲम स्केअरिंग’चा अर्थ ‘मी घाबरवतोय’ असा होतो. कुत्रा फ्राइटनिंग, मुलगा फ्राइटन्ड, ही जोडी फळ्यावर लिहून ठेवा. ‘शी डझन्ट स्केअर इझिली’, म्हणजे ती सहजासहजी घाबरणाऱ्यांतली नाही, हा वेगळा प्रयोग आहे. तो नंतर शिकवला तरी चालेल.

‘फिअर’ मात्र मराठीच्या दिशेने चालतं: ‘दे फिअर हिम’, ते त्याला घाबरतात. पण बोलताना ‘आय फिअर डॉग्ज’ फार पुस्तकी वाटतं. तिथे ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज’च म्हणावं.

प्रतिसाद २
अफ्रेड हे मुळात ‘अफ्रे’ या जुन्या क्रियापदाचं भूतकालवाचक रूप. घाबरवणे या अर्थाचं ते क्रियापद वापरातून गेलं, रूप तेवढं मागे राहिलं. नाम म्हणून ‘अफ्रे’ आपल्याकडे कायद्यात भेटतं: भारतीय दंड संहितेच्या कलम १५९ मध्ये सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करण्याला हा शब्द होता.

आज अफ्रेड हा अस्लीप, अलाइव्ह, अवेक यांच्या पंगतीत बसतो. हे शब्द क्रियापदानंतर येतात, नामाआधी नाही. ‘द चाइल्ड इज अफ्रेड’ बरोबर. नामाआधी हवं असेल तर फ्राइटन्ड किंवा स्केअर्ड.

अफ्रेडनंतर ‘टू’ आलं तर धजत नाही असा अर्थ: ‘अफ्रेड टू जंप’, उडी मारायची हिंमत होत नाही. जे आपल्या हातात नाही तिथे ‘ऑफ’: ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’. कोणी मुद्दाम पडत नाही, म्हणून ‘अफ्रेड टू फॉल’ विचित्र वाटतं. ‘अफ्रेड फॉर हर’ म्हणजे तिच्या काळजीने जीव खालीवर होणं. ‘बाय’ अफ्रेडला लागत नाही, फ्राइटन्डला लागतं, तेही घडलेल्या प्रसंगासाठी: ‘फ्राइटन्ड बाय द नॉइज’. कायमच्या भीतीला ‘फ्राइटन्ड ऑफ’. ‘फ्रॉम’ यांतल्या कोणालाच नको.

‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन’ यात भीती नसते, दिलगिरी असते. तिथे स्केअर्ड घातलं की अर्थच बिघडतो.

प्रतिसाद ३
टेरिफाइड आणि पेट्रिफाइड ही भीतीची शेवटची पायरी. त्यांना ‘व्हेरी’ लावू नये, ‘ॲब्सोल्यूटली’ लावावं. पेट्रिफाइडमध्ये दगड होण्याची कल्पना आहे, आपल्या ‘जागच्या जागी थिजला’सारखी.

मला सगळ्यांत सुंदर वाटतं ते ‘हॉरर’. लॅटिनमध्ये मूळ अर्थ केस ताठ उभे राहणं. संस्कृतातला हृष् धातू याच कुळातला. म्हणजे आपलं ‘रोमहर्षक’ आणि इंग्रजी ‘हॉरिबल’ हे दूरचे भाऊ! अंगावर काटा भीतीने येतो तसाच आनंदानेही. ‘टेरिफिक’चा अर्थ ‘झकास’ कसा झाला, असं मुलं विचारतात. त्यांना ‘भयंकर आवडलं’ आठवून द्या.

प्रश्नकर्ता
छान. आता धमकावणे, दचकवणे यांचंही सांगा.

प्रतिसाद ४
‘थ्रेटन’ कृती सांगतं, ‘फ्राइटन’ परिणाम. धमकी देऊनही समोरचा घाबरला नसेल तर थ्रेटन्ड बरोबर, फ्राइटन्ड चूक. ‘इंटिमिडेट’मध्ये धाकदपटशा आहे: साक्षीदाराने तोंड उघडू नये म्हणून त्याला दहशत घालणं. पण परीक्षेचं नुसतं दडपण येत असेल तर तीही ‘इंटिमिडेटिंग’. एकाएकी दचकवणं म्हणजे ‘स्टार्टल’. त्यात भीती असेलच असं नाही.

भीती घालून काम करवून घेणं: ‘दे स्केअर्ड हिम इंटू सायनिंग’. करू न देणं: ‘आउट ऑफ कम्प्लेनिंग’. पुढे -इंग हवंच. हाकलून लावायला ‘स्केअर अवे’ किंवा ‘ऑफ’. शेतातलं बुजगावणं तर थेट ‘स्केअरक्रो’, कावळ्यांना घाबरवणारं.

स्पेलिंगही तपासा. स्केअर्डमध्ये एकच आर. दोन झाले की ‘स्कार्ड’, म्हणजे व्रण पडलेला. पॅनिकला एड किंवा इंग जोडताना मध्ये के घालावा लागतो, आणि उत्तरपत्रिकेत नेमका तोच सुटतो.