प्रतिसाद: पुंगळीच्या बुडावरचा बाण कारखान्याचा नाही

वर एकांनी १८ पौंडी तोफेच्या (पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश तोफ) पितळी पुंगळीवरचा, म्हणजे गोळ्यामागच्या दारू भरायच्या नळीवरचा, बाण हा कारखान्याचा शिक्का मानला आहे. तसं नाही. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण, कुठल्याही कारखान्याच्या मालावर सापडते. कारखाना अक्षरांवरून ओळखायचा: 'आरएल' म्हणजे लंडनमधल्या वुलविचची रॉयल लॅबोरेटरी, 'ईओसी' म्हणजे एल्सविक ऑर्डनन्स कंपनी. 'सीएफ' पाहूनही अनेकजण फसतात; ती कॉर्डाइटच्या, म्हणजे गोळा फेकणाऱ्या धूरविरहित दारूच्या, पूर्ण भाराची नोंद. 'सीएफ' एकाहून जास्त वेळा ठोकलेलं असेल तर पुंगळी पुन्हा भरून वापरलेली, मला तर हाच सगळ्यात बोलका शिक्का वाटतो. आणि कळकळीने सांगतो, पुढे गोळा बसलेला असेल तर घासूनपुसून अक्षरं शोधू नका, हातही न लावता पोलिसांना कळवा.