प्रतीक की रूपक? बार्बेरिनी महालाच्या छताबद्दल

रोमच्या बार्बेरिनी महालात पिएत्रो दा कोर्तोनाने रंगवलेलं मोठं छत आहे, १६३९ मध्ये पूर्ण झालं, त्यावर लिहितेय. अ‍ॅलेगरीला, म्हणजे चित्रातून दुसराच अर्थ सांगण्याला, प्रतीक म्हणू की रूपक? आणि सीलिंगला तक्तपोशी चालेल का, शब्द फार आवडतो म्हणून विचारतेय.

—

तक्तपोशी नको. ती फळ्यांची, वाड्यात माजघरात वर बघितलं की दिसते ती. इथे कमानदार छताला गिलावा करून तो ओला असतानाच रंग भरलेत, आणि जी दगडी चौकट वाटते तीसुद्धा रंगवलेलीच आहे. सरळ छतचित्र म्हणा.

आता प्रतीक. मधोमध तीन भल्यामोठ्या मधमाश्या उडतायत त्या प्रतीक, कारण त्या बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह, पोप आठवे अर्बन याच घरातले. मूळ आडनाव ताफानी, म्हणजे गोमाश्या, आणि चिन्हावरही आधी गोमाश्याच होत्या, त्यांच्या मधमाश्या झाल्या, मराठीत हे किती छान बसतं बघा, गोमाशीची मधमाशी! त्यांच्याभोवती लॉरेलच्या पानांचा हार धरलाय तो श्रद्धा, आशा आणि प्रेम या तिघींनी. एक माशी बरोबर एक अर्थ, म्हणून प्रतीक.

पण कडेला रोमन देवी मिनर्व्हा राक्षसांना खाली लोटतेय, हर्क्युलिस हार्पींना, म्हणजे अर्ध्या बाई अर्ध्या पक्षी अशा राक्षसिणींना, हाकलतोय, तिथे अख्खा प्रसंगच दुसरं काही सांगतो, पोपची सत्ता वाईटाला कशी हटवते ते. हे रूपक. नाथांच्या भारुडात विंचू काम-क्रोधाचा होतो आणि मग उताराही त्याच अर्थाने चालतो, तसंच. शिवाय या छताची कल्पना ब्राच्चोलिनी नावाच्या कवीने रचून दिलेली, त्यामुळे काव्यातला शब्द इथे उपरा अजिबात वाटत नाही.

—

रूपक मान्य, पण श्रद्धा-आशा बायकांच्या रूपात आल्या ती चेतनगुणोक्ती ना? शाळेत तेच शिकलोय.

—

हो, पण चेतनगुणोक्ती वाक्यात शोभते, चित्रातल्या बाईला ‘मूर्तरूप’ म्हणा, लगेच कळतं. आणि ढगांवर बसलेल्या मुख्य बाईचं नाव ‘दैवी कृपा’ करू नका, मूळ लॅटिन शब्दात, ‘प्रोव्हिडेन्शिया’त, ‘पुढचं पाहणं’ आहे, म्हणून ‘ईश्वरी योजना’. तिच्या खाली काळ स्वतःचंच पोर खातोय, आणि ती हात करून अमरत्वाला सांगतेय की ताऱ्यांचा मुकुट त्या मधमाश्यांवर ठेव. कृपा म्हटलं तर हे आधीच ठरलेलं होतं हा अर्थच निघून जातो, आणि पोपला तर नेमकं तेच सांगायचं होतं.