सापळा ओळखूनही जाणारा सुपरहिरो मूर्ख कसा?

प्रतापनगरचा वाचक

काल आपल्या गटात महालकरांनी लिहिले की, सूडाने पेटलेला खलनायक कुणाला तरी पळवून नेतो, सुपरहिरोला निरोप धाडतो आणि हा सापळा आहे हे कळत असूनही सुपरहिरो तिथे एकटाच जाऊन उभा राहतो, ही लेखकाच्या आळसाची खूण आहे. असा नायक शूर नसून मूर्ख आहे आणि त्याला टाळ्या वाजवणारे वाचक त्याहून मूर्ख. शेवटचे वाक्य मला फार लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

दरोडेखोर आणि सूड घेणारा यांत फरक आहे. दरोडेखोर नायकापासून पळतो, तर सूड घेणारा नायकाचा अभ्यास करतो. २०१६ सालच्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ या चित्रपटातला खलनायक झीमो आठवा. सुपरहिरोंच्या सोकोव्हियातल्या लढाईत त्याचे वडील, बायको आणि मुलगा गेले. त्याच्याकडे ना कवच, ना शक्ती. व्हिएन्नातला स्फोट त्याने दुसऱ्याच्या माथी मारला, सायबेरियात पाच भयंकर सैनिक जागे होणार आहेत असा सर्वांचा समज होऊ दिला आणि प्रत्यक्षात त्या पाचही जणांना आधीच ठार करून ठेवले. तिथे पोचलेल्या आयर्न मॅनसमोर त्याने फक्त १६ डिसेंबर १९९१ चे चित्रीकरण लावले, ज्यात आयर्न मॅनच्या आईवडिलांचा खून दिसतो, आणि खुनी शेजारीच उभा असतो. आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका हे मित्र एकमेकांचे गळे धरतात आणि झीमो शांतपणे निघून जातो. आता महालकरांनी सांगावे की, इथे शहाण्या नायकाने काय करायला हवे होते? पाच सैनिक मोकळे सुटणार हे जोवर खरे वाटत होते, तोवर घरी बसून राहणे हे शहाणपण ठरले असते का?

दुसरे उदाहरण १९६४ सालच्या कॉमिकमधले. सहा शत्रू एकत्र येऊन स्पायडरमॅनच्या मे काकूंना आणि त्याची मैत्रीण बेटी हिला पळवतात. त्या वेळी त्याची शक्तीच गेलेली असते. अंगात सामान्य पोराइतकेही बळ नाही असे मानून तो पहिल्या शत्रूसमोर उभा राहतो आणि शक्ती परत आल्याचे त्याला तिथे गेल्यावरच कळते. एकदा चोराला जाऊ दिले आणि त्यापायी काका गेले, हे ओझे वाहणारा मुलगा काकूंसाठी जाणार नाही, तर कोण जाईल? शत्रूचे आमिष म्हणजे नायकाने स्वतःशी केलेली प्रतिज्ञाच असते. ती मोडून जिवंत राहिलेल्या माणसाची गोष्ट कुणी कशाला वाचेल?

महालकर

आपण माझे नाव घेतलेत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. मी निवृत्त होईपर्यंत अग्निशमन दलात होतो. धुराने भरलेल्या खोलीत आमचा जवान कधीच एकटा शिरत नाही, जोडीनेच जातो. बाहेर एक जण आत गेलेल्यांची नावे, वेळ आणि सिलिंडरमधला दाब लिहून ठेवतो. बी. ए. सेटची, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राची, हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की, आत कुणी हाक मारत असले तरी मागे फिरायचे आणि ताज्या सिलिंडरच्या जोडीला पुढे पाठवायचे. आत पडलेल्या जवानाला काढायला आणखी दोन जवान लागतात, म्हणून हा नियम आहे. तो ज्यांच्या जिवावर बेतले त्यांनी शिकवला, सिनेमावाल्यांनी नाही.

आता तुमची उदाहरणे पाहू. आयर्न मॅन सायबेरियाला निघाला तेव्हा कुणाला सांगून गेला? १९६४ च्या कथेत सहाही जण एकदम तुटून पडले असते, तर पहिल्याच पानावर सगळे आटोपले असते. प्रत्येकाला एकट्याने मारण्याची घमेंड होती म्हणून ते एकेक करून आले आणि तुमचा नायक वाचला. शत्रू अधिक मूर्ख निघाला म्हणून नायक शहाणा ठरत नाही. शिवाय एका काकूंसाठी जीव दिल्यावर उरलेल्या शहराचे काय होणार, हा प्रश्न या कथांमध्ये कुणीच विचारत नाही.

वैदर्भी

दोघांनीही नायक आणि खलनायक यांचीच चर्चा केली. पळवून नेलेल्या माणसाबद्दल अजून कुणी शब्दही काढला नाही. ती बहुतेक वेळा बाईच असते आणि तिला कथेत टांगून ठेवण्यापलीकडे काम नसते. १९७३ सालच्या कॉमिकमध्ये स्पायडरमॅनचा शत्रू ग्रीन गॉब्लिन त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलाच्या मनोऱ्यावर नेतो आणि खाली फेकतो. स्पायडरमॅन जाळ्याने तिचा पाय पकडतो, वर ओढून घेतो आणि ती मेलेली असते. जाळ्याच्या हिसक्यानेच मान मोडली, हे त्याच वर्षी वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना संपादकांनी मान्य केले. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून हिशेब सांगते. शंभर मीटर उंचीवरून पडणारे शरीर, हवेचा रोध सोडला तर, ताशी १६० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. ते अर्ध्या सेकंदात थांबवले तरी गुरुत्वाच्या नऊपट झटका बसतो, आणि पाय धरून थांबवल्यावर लोंबत्या डोक्याचा सगळा ताण मानेवर येतो. म्हणजे सापळ्यात शिरलेला नायक सुखरूप राहिला आणि ज्या मुलीला वाचवायला गेला, तीच त्याच्या हातून गेली. माझा राग नायकाच्या मूर्खपणावर नाही. बाईचा जीव आमिष म्हणून वापरून नायकाला दुःखी करण्याच्या लेखकांच्या सवयीवर आहे.

खामल्याचे मास्तर

सापळ्याची गोष्ट शोधायला अमेरिकेला जाण्याची काय गरज? महाभारत युद्धाच्या तेराव्या दिवशी संशप्तक, म्हणजे मारू किंवा मरू अशी शपथ घेतलेले योद्धे, अर्जुनाला आव्हान देऊन दक्षिणेकडे ओढून नेतात. आव्हान नाकारायचे नाही ही त्याची प्रतिज्ञा, आणि तीच त्यांचे आमिष. मागे द्रोण चक्रव्यूह रचतात. अभिमन्यू युधिष्ठिराला स्पष्ट सांगतो की, मला आत शिरणे येते, संकटात बाहेर पडणे येत नाही. धोका पूर्ण ओळखून तो जातो.

सदरचा विद्यार्थी

सर, त्याला अर्धीच विद्या येत होती, कारण सुभद्रेच्या पोटात असताना त्याने ती ऐकली आणि सुभद्रेला झोप लागली. यात धोका ओळखण्याचा प्रश्न कुठे येतो? तो तर अपघात होता.

खामल्याचे मास्तर

ही गर्भातली गोष्ट मालिकांमधून आणि कीर्तनांतून तुमच्या डोक्यात बसली आहे. द्रोणपर्वात अभिमन्यू म्हणतो की, व्यूह भेदण्याची रीत मला वडिलांनी शिकवली. मूळ न वाचता वाद घालायची ही खोड मी वर्गात रोज पाहतो आणि इथेही पाहायला मिळावी याचे मला वाईट वाटते.

सदरचा विद्यार्थी

गर्भाची कथा माझ्या आजीने सांगितली, सर, मालिकेने नाही. विदर्भातल्या गावागावांत ती तशीच सांगतात. तुम्हाला ती चुकीची वाटत असेल, पण सांगणाऱ्यांना अडाणी म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

महालकर

दोघांनी जरा थांबावे, कारण मास्तरांच्या उदाहरणातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. अभिमन्यू एकटा गेला नव्हता. त्याने आधी अडचण सांगितली, युधिष्ठिराने आणि भीमाने मागोमाग येण्याचा शब्द दिला, तेव्हा तो आत शिरला. आमच्या भाषेत तो जोडीने आत गेला होता. त्याची जोडी तोडली कौरवांच्या बाजूच्या जयद्रथाने. ज्याचा घात झाला त्याला मी मूर्ख म्हणत नाही. कुणाला न सांगता जातो, त्याला म्हणतो.

खामल्याचे मास्तर

मग जयद्रथाबद्दलही पूर्ण बोला. वनवासात त्याने द्रौपदीला पळवले, भीमाने पकडून त्याच्या डोक्यावर पाच शेंड्या ठेवून बाकी डोके भादरले आणि त्याची बायको आणि कौरवांची बहीण दुःशला हिचे कुंकू पुसले जाऊ नये म्हणून युधिष्ठिराने त्याला सोडून दिले. त्या अपमानातून त्याने तप केले आणि अर्जुन सोडून उरलेल्या पांडवांना एका दिवसासाठी अडवण्याचा वर मिळवला. तो एक दिवस त्याने व्यूहाच्या तोंडाशी वापरला. झीमो आणि जयद्रथ यांत मला काहीच फरक दिसत नाही. दोघांनाही नायकाला हरवता येत नव्हते, म्हणून दोघांनी नायकाच्या माणसांना त्याच्यापासून तोडले.

वैदर्भी

फरक आहे. झीमोचे घर उद्ध्वस्त झाले होते, तर जयद्रथाने दुसऱ्याच्या घरावर हात टाकला होता आणि त्याची शिक्षा त्याला अपमान वाटली. सूडाच्या कथांमध्ये या दोघांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. मास्तर, अपमान झाला म्हणून सूड समजून घ्यावा असे तुम्ही सुचवत असाल, तर द्रौपदीच्या बाजूनेही दोन ओळी लिहा.

खामल्याचे मास्तर

मी समजून घ्या असे कुठेही म्हटलेले नाही. मी त्याची चाल सांगितली. चाल ओळखली नाही, तर पुढचा अभिमन्यूही तसाच अडकेल.

हिंगण्याचा सर्पमित्र

मी सहसा इथे लिहीत नाही; पण हा विषय माझ्या अंगावरून गेला आहे. आमच्या भागात मांडूळ पकडून विकणारे काही लोक आहेत. दोन तोंडांचा साप म्हणून गुप्तधनाच्या नादी लागलेले गिऱ्हाईक त्यासाठी लाखांची बोली लावते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो व्यवहार गुन्हा आहे. मी एकाची खबर वनखात्याला दिली, माल पकडला गेला आणि माझे नाव त्याच्यापर्यंत पोचले.

काही महिन्यांनी रात्री फोन आला की, एका नव्या लेआउटमधल्या घरात नाग शिरला आहे आणि आत लहान मूल आहे. मला फोनवरच शंका आली. ज्याच्या घरात खरोखर नाग असतो तो माणूस हळू बोलतो, त्याची नजर कोपऱ्यावर खिळलेली असते आणि मागून बायामाणसांचा आवाज येत असतो. हा माणूस पत्ता सांगावा तसा निवांत बोलत होता. तरीही मी निघालो. सोबत एका मित्राला घेतले आणि वनरक्षकाला ठिकाण कळवले. पोचलो तेव्हा रस्त्यावर कुणी उभे नव्हते. साप निघालेल्या घराचे लोक हातात टॉर्च घेऊन बाहेर थांबलेले असतात. तिथे अंधार होता आणि भिंतीमागे तिघे होते. माझा उजवा हात मोडला. मित्राने गाडीचे तोंड मुख्य रस्त्याकडे करून ठेवले होते, म्हणून आम्ही निसटलो.

प्रतापनगरचे वाचक म्हणतात ते मला पटते, कारण त्या घरात खरेच मूल असते आणि मी शंका घेऊन झोपलो असतो, तर पुन्हा हातात हुक धरायची माझी लायकी राहिली नसती. महालकर काका म्हणतात तेही पटते, कारण एकटा गेलो असतो तर आज हे लिहायला उरलो नसतो. आता मी फोन करणाऱ्याला लांबून फोटो पाठवायला सांगतो. घाबरलेल्या माणसाला फोटो काढणे जमत नाही, म्हणून फोटो आला नाही तरी जातो. पण जोडीनेच जातो.

महालकर

सर्पमित्र भाऊ, तुम्ही केलेत ते योग्यच केलेत. वाचकांना मूर्ख म्हटले ते वाक्य मी मागे घेतो. जाणे हे कर्तव्य असू शकते, एवढे मान्य करतो. कुणाला न कळवता जाणे हे कर्तव्य नाही, यावर मी ठाम आहे आणि तुमचा मोडलेला हात माझ्याच बाजूने साक्ष देतो.

प्रतापनगरचा वाचक

काका, एवढे कबूल केलेत तेही पुष्कळ. पण सुपरहिरो कुणाला कळवत नाही यामागे कारण असते. आपले खरे नाव जितक्या जणांना ठाऊक, तितकी माणसे शत्रूच्या हाती लागू शकतात. गॉब्लिनला स्पायडरमॅनचे पीटर हे खरे नाव कळले, म्हणूनच तो ग्वेनपर्यंत पोचला. तुमच्या जवानाच्या घरी आग सूड घ्यायला येत नाही, म्हणून तुमचा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

वैदर्भी

हेच कारण मला सर्वांत खोटे वाटते. नाव कळले ते शत्रूला. ग्वेनला ते शेवटपर्यंत कुणी सांगितलेच नाही. ज्याच्यावर तिचे प्रेम होते तोच स्पायडरमॅन आहे हे माहीत नसतानाच ती मेली. आपल्यावर कोण टपले आहे आणि का, हे तिला ठाऊक असते तर शहर सोडायचे, लपायचे की त्याच्यासोबत राहायचे, हे तिने स्वतः ठरवले असते. सर्पमित्रांच्या मित्राला कुठे आणि कशासाठी निघालो आहोत हे माहीत होते, म्हणूनच त्याने गाडीचे तोंड रस्त्याकडे केले. गुप्तता तिच्या रक्षणासाठी होती असे म्हणणाऱ्यांनी तिचे रक्षण झाले का, ते आधी सांगावे.

महालकर

या मुद्द्यावर मी वैदर्भींच्या बाजूने आहे. प्रतापनगरकरांच्या नाही.