मदत हवी आहे: प्रोसेसर बदलायचाय, पण सॉकेट कुठलं धरू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. हे शूटिंग करतात, मी घरी एडिटिंग करते. सध्या पौष आहे, मुहूर्त नाहीत, तेवढ्यात मशीन बदलून घ्यावं म्हणतेय. माघ लागला की मान वर करायला फुरसत नसते.

आत्ताचं मशीन २०१७ साली असेंबल केलेलं: आय५-७४००, बी२५० बोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). आठ वर्षं बिचाऱ्याने तक्रार केली नाही. दिवाळीत ह्यांनी सोनीचा नवा कॅमेरा घेतला आणि गाडं अडलं. प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर त्याची क्लिप टाकली की मंगलाष्टकांचा आवाज पुढे पळतो आणि चित्र मागेच राहतं. 'सावधान' होऊन टाळ्या पडतात, वाजंत्री सुरू होते, तरी माझ्या स्क्रीनवर मामा अंतरपाट धरून उभेच. प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या नकला, करून काम रेटते, पण रात्री लावलेल्या प्रॉक्सी सकाळी दूध तापवायला उठते तरी संपलेल्या नसतात. मध्ये लाइट गेली तर विचारूच नका.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सातवी पिढी नाही. म्हणजे बदलायचं तर आहेच.

आता माझी खरी भीती सॉकेटची, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची आहे. चार वर्षांपूर्वी एका दुकानदाराने "सेम सॉकेट आहे, बिनधास्त बसेल" म्हणून जुना आय५-८४०० गळ्यात मारला. दोन्हींचं सॉकेट एलजीए ११५१, हे खरं. प्रोसेसर बसलाही छान. पंखा फिरला, लाइट लागली, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. मागाहून कळलं की आठव्या पिढीला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो, खाचा जुळल्या तरी आतली जोडणी वेगळी. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून ठरवलंय की पुढे चालेल असंच सॉकेट घ्यायचं.

वाचून वाचून तीन पर्याय काढलेत:

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन ७ ५७००एक्स. आठ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), माझी रॅम चालेल, स्वस्त. पण सॉकेट २०१६ चं, आता म्हातारं झालं.

एएम५ वर रायझन ५ ७६००. सॉकेट २०२२ चं, २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं एएमडी म्हणते. पण डीडीआर५ च लागते, आणि दिवाळीपासून रॅमचे भाव असे चढलेत की सोनाराच्या दुकानात आल्यासारखं वाटतं.

इंटेलच्या एलजीए १७०० वर आय५-१२४००एफ. डीडीआर४ चा बोर्ड मिळतो, म्हणजे रॅम वाचेल. पण इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए १८५१ आणलं, त्यामुळे हे सॉकेट संपल्यात जमा.

बजेट चाळीस हजार, फार ताणलं तर पंचेचाळीस. माझं मन एएम५ कडे झुकतंय. जाणकारांनी सांगा, चूक करतेय का?

एएम५ च घ्या

ताई, डोळे झाकून एएम५. मी २०१७ ला एएम४ वर रायझन १६०० घेतला होता, बी३५० बोर्डवर. २०२२ मध्ये त्याच बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० बसवला. पाच वर्षांत ना बोर्ड बदलला ना रॅम. हे सुख इंटेलवाल्यांच्या नशिबात नाही.

एक प्रश्न

वरच्या भाऊंचं गेमिंगसाठी बरोबर आहे. पण ताई, तुम्ही गेम खेळत नाही, लग्नं कापता. आधी हे सांगा: कॅमेऱ्यातून येणारी फाइल एच.२६४ आहे का एच.२६५, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत कुठली? आणि रंगाची माहिती ४:२:० का ४:२:२? मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, क्लिप त्यात ओढा, सगळं लिहून येतं. तोवर काही घेऊ नका.

थेट ग्राफिक कार्डच बदला

आहे त्याच मशीनला इंटेल आर्क ए३८० कार्ड लावा की! १०-बिट ४:२:२ ची एच.२६५ फाइल ते हार्डवेअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरवर भार न टाकता, उलगडतं. बाकी काही बदलायला नको.

नाही जमणार

आर्कला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, इंटेलचं म्हणणं दहाव्या पिढीपासून पुढे. सातव्या पिढीवर ते कार्ड रडत चालेल. आणि विंडोज ११ चा प्रश्न तसाच राहतो.

मीडियाइन्फो बघितलं

धन्यवाद सगळ्यांना. एएम५ वाल्या भाऊंचा हेवा वाटला, खरं सांगते.

क्लिप बघितली. एव्हीसी लिहिलंय, ४:२:२, १० बिट. एव्हीसी म्हणजेच एच.२६४ ना? ह्यांना विचारलं हे सेटिंग कुणी केलं, तर म्हणाले, "रंग चांगले मिळतात असं एकानं सांगितलं होतं." कोण तो एक, ते काही सांगेनात.

इथेच पाणी मुरतंय

होय, एव्हीसी म्हणजे एच.२६४. आता नीट ऐका, कारण तुमचे तिन्ही पर्याय ह्या कामाला चुकीचे आहेत.

४:२:२ मध्ये रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट असते. ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला, उत्तम, पण ती फाइल उलगडणारं हार्डवेअर सगळ्यांकडे नसतं. रायझन ५ ७६०० मधलं छोटं ग्राफिक्स ४:२:२ उलगडत नाही. एनव्हिडियाचं म्हणाल तर आरटीएक्स ५० सिरीजपासूनच. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मात्र क्विक सिंक नावाचा भाग असतो, तो अकराव्या पिढीपासून १०-बिट ४:२:२ उलगडतो, पण फक्त एच.२६५ ची. बारावी, तेरावी, चौदावी, सगळ्यांची हीच अट. तुमच्या आत्ताच्या एच.२६४ ४:२:२ फाइलला तोही हात लावणार नाही, सगळा भार कोअरवर येतो. तुमच्याकडे कोअर किती? चार. मामा अंतरपाट धरून उभे राहणारच.

म्हणून पहिलं काम फुकटात होण्यासारखं आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत एक्सएव्हीसी एस ४के आहे, तिथे एक्सएव्हीसी एचएस ४के करायला सांगा. ती एच.२६५. एवढं मात्र बघा की सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आपल्याकडच्या पाल (PAL) मोडला एचएस मध्ये २५ फ्रेम मिळत नाहीत, ५० घ्यावे लागतात. प्रोजेक्ट त्याप्रमाणे लावा.

दुसरं, तो एफ सोडा! एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. ग्राफिक्स नाही म्हणजे क्विक सिंक नाही. थोडेसे पैसे वाचवायला तुम्हाला हवी तीच गोष्ट काढून घेतलेला माल घ्यायला निघालात.

पण तेरावी-चौदावी पिढी खराब होते ना?

ऐकलंय की ते प्रोसेसर बिघडतात, म्हणून विचारतो.

बाराव्यात नाही

तो घोळ तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या माॅडेलांत होता, मुख्यतः आय७ आणि आय९. प्रोसेसर नको तेवढा व्होल्टेज मागायचा. इंटेलने २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बोर्डाचं बायोस नवं टाकलं की झालं.

म्हणजे सॉकेट विसरू?

आठ वर्षांत मी एकदाच प्रोसेसर बदलायला गेले आणि तोही फसला. ह्याचा मी उलट अर्थ लावत होते की काय? पुढच्या आठ वर्षांतही बहुधा सगळं मशीनच बदलेन.

मार्गशीर्षातली चार लग्नं अजून जुन्या सेटिंगची पडून आहेत, त्यांना कोअरच लागणार. तेव्हा १२४०० घेऊ का १३५००?

१३५००, मिळाला तर

१२४०० ला सहा कोअर. १३५०० ला सहा मोठे आणि आठ छोटे, असे चौदा. प्रॉक्सी बनवायला हे छोटे कोअर फार कामाला येतात. शिवाय १२४०० मधल्या यूएचडी ७३० ला व्हिडिओचं एकच इंजिन आहे, १३५०० मधल्या यूएचडी ७७० ला दोन. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम करत असाल तर फरक कळेल.

बोर्ड बी६६० किंवा बी७६०, चार स्लॉटचा. एच६१० ला दोनच स्लॉट, मग ८-८ च्या आणखी दोन पट्ट्या कुठे लावाल? आणि बोर्डाच्या नावात डी४ किंवा डीडीआर४ आहे का ते खोक्यावर स्वतः वाचा. एकाच नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत येतो, डीडीआर५ च्या बोर्डात तुमची पट्टी शिरणारही नाही. तो आठ वर्षांचा एसएमपीएस मात्र बदला, नव्या बोर्डावर म्हाताऱ्याचा भरवसा धरू नका.

मशीन चालू झालं की बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर चालू करा. ग्राफिक कार्ड लावलेलं असलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद ठेवतात, आणि लोक महिनोन्महिने क्विक सिंकशिवाय कामं करत बसतात.

कोटेशन आलं

ह्यांनी काल घरच्याच एका कार्यक्रमात एचएस मध्ये दहा मिनिटं घेतली. जुन्या मशीनवर तीही अडकते, पण ते अपेक्षितच होतं.

कोल्हापूरच्या एका दुकानातून कोटेशन मागवलं होतं. फोनवर दोनदा सांगितलं, १३५००, एफ नको. व्हॉट्सॅपवर कागद आला: आय५-१३४००एफ, बोर्ड एच६१०. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे कार्ड आहे ना, मग एफच चांगला पडतो, सगळे हेच नेतात."

कागदावर लाल पेनने दोन्ही ओळी खोडून फोटो परत पाठवलाय. १३५०० शोधून उद्या सांगतो म्हणालेत. नाही मिळाला तर १२५०० चालेल ना? त्यातही यूएचडी ७७० आहे असं वाचलं.

चालेल

हो, आहे. चौदा कोअर मिळणार नाहीत, बाकी काम होईल. फक्त दुकानात खोकं फोडण्याआधी त्यावरचा आकडा बघा, शेवटी एफ नाही ना ते.