कामाच्या टेन्शनने जीव घाबरा होतो तेव्हा तुम्ही काय करता? अनुभव सांगा

रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. आमचा प्रोजेक्ट बंद होणार अशी कुजबुज सुरू झाल्यापासून तर झोप पारच उडालीये, पहाटे जाग येते आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं हेच डोक्यात घोळत राहतं. 'जास्त विचार करू नकोस' असं सगळेच सांगतात, पण ते जमत नाही म्हणून तर विचारतोय ना. तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा, छोटीशी गोष्ट असली तरी चालेल.

*

मी ऑन-कॉल ड्युटी करते, म्हणजे काही बिघडल्याचा अलर्ट फोनवर आला की रात्री-अपरात्रीही उठून बघायचं. अलर्टचा तो टोन दुसऱ्या कुणाच्या फोनवर वाजला तरी छातीत धस्स व्हायचं. टोन बदलला, रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवून बघितला, थोडाफार फरक पडला. पण खरी सुटका झाली ती टीमने बसून कुठल्या अलर्टला माणूस उठवायचा आणि कुठला सकाळी बघितला तरी चालतो हे ठरवल्यावर. बरेचसे सकाळवर ढकलता येण्यासारखेच निघाले! त्यामुळे माझं मत असं की दरवेळी स्वतःलाच दुरुस्त करत बसू नका, कामाची पद्धतही बघा.

*

मला भर मीटिंगमध्ये छातीत दुखायला लागलं, घाम, हातापायाला मुंग्या, वाटलं संपलं सगळं. ईसीजी आणि रक्ताच्या टेस्ट नॉर्मल आल्या. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहे, अॅड्रेनलिन हे ताणाचं हार्मोन वाढल्यामुळे धडधडतं, साधारण 10 मिनिटांत त्याचा जोर शिगेला पोचतो आणि मग हळूहळू ओसरतो. हे कळल्यावर निम्मी भीती गेली. आता तसं व्हायला लागलं की श्वास घेतो त्यापेक्षा सावकाश सोडतो, 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर. पण छातीत दुखलं तर आधी तपासून घ्या हं, टेन्शनच असेल असं घरच्या घरी ठरवू नका.

*

आमचे साहेब तोंडी एक सांगायचे आणि नंतर सगळ्यांसमोर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून झापायचे. मग मी प्रत्येक बोलण्यानंतर दोन ओळींची मेल टाकायला लागले, 'आत्ता ठरल्याप्रमाणे हे काम शुक्रवारपर्यंत देते'. ओरडणं काही थांबलं नाही, पण माझं थरथरणं थांबलं. शेवटी नोकरी बदलली आणि तोही उपायच आहे, पळून जाणं नाही.

*

स्वतःला कमकुवत समजणाऱ्यांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची (कामाने पार गळून जाण्याची) नोंद आयसीडी-11 या आजार आणि आरोग्याशी संबंधित स्थितींच्या आंतरराष्ट्रीय यादीत केली ती कामाशी निगडित स्थिती म्हणून, त्याला आजारही म्हटलेलं नाही. सतत राहिलेला कामाचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होतं ते.

*

पॅनिक अटॅकवाले दादा, गोळ्या घ्याव्या लागल्या का? मला लिहून दिल्यात पण भीती वाटते.

*

हो, घेतल्या. माझ्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागले, सुरुवातीला मळमळायचंही, ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस बदलला. जी काही भीती वाटते ती कागदावर लिहून न्या आणि पहिल्या गोळीआधीच त्यांना विचारा. आणि बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका, माझ्या डॉक्टरांनी त्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या.